रुबेन्सने गिरवलेला कित्ता

मुलाच्या हाती लेखणी येते तेव्हा त्याच्यापुढे कित्ता ठेवला जातो. अक्षर वळणदार झाले की कित्ता बाजूला पडतो; जाणत्या माणसाने तो गिरवणे कमीपणाचे मानले जाते. चित्रकलेच्या इतिहासात मात्र कीर्तीच्या शिखरावर असलेल्या एका चित्रकाराने वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पुन्हा कित्ता पुढे ओढल्याचे उदाहरण आहे.

१६२८ च्या सप्टेंबरमध्ये फ्लेमिश चित्रकार पीटर पॉल रुबेन्स माद्रिदला आला. स्पेन आणि इंग्लंड यांच्यात तह व्हावा, या खटपटीसाठी तो आला होता. वाटाघाटी लांबल्या, आणि त्या सात-आठ महिन्यांत त्याने राजा चौथा फिलिप याच्या संग्रहातील टिशियनच्या चित्रांवरून नकला करण्याचा सपाटा लावला. व्हेनिसच्या त्या थोर चित्रकाराला जाऊन तेव्हा बावन्न वर्षे लोटली होती.

रुबेन्सला त्यात काय शिकायचे होते? तैलरंगात त्वचा एका रंगाने साधत नाही. आधी तळाचा रंग, त्यावर उजेडाचे भाग जाड रंगाने, आणि ते वाळल्यावर तेलात पातळ केलेले पारदर्शक थर. पूर्ण झालेल्या चित्रात हा क्रम झाकलेला असतो. गालावरची लाली कातडीच्या आतून उमटल्यासारखी कशी दिसते, हे नुसते पाहून उमगत नाही. तेच चित्र पुन्हा उभारताना हाताला ते हळूहळू कळते.

या नकलांत सम्राट पाचवा चार्ल्स व सम्राज्ञी इसाबेला यांचे जोडचित्र होते. इसाबेला ही पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याची कन्या. याच राजाच्या कारकिर्दीत, १५१० मध्ये, गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला. ती १५३९ मध्ये वारली. टिशियनने तिला कधी पाहिलेच नव्हते. दुसऱ्या एका चित्रकाराने काढलेल्या चित्रावरून त्याने तिचा चेहरा रंगवला. म्हणजे गुरूनेही कित्ताच गिरवला होता! टिशियनचे ते जोडचित्र आज उरलेले नाही. ते कसे होते, हे जगाला कळते ते रुबेन्सच्या नकलेवरून.

तथापि ही नक्कल आंधळी नव्हती. टिशियनच्या ‘आदाम आणि एवा’ या चित्रात आदाम किंचित मागे रेललेला आहे. रुबेन्सने त्याला पुढे झुकवले आणि मागच्या झाडावर एक पोपट आणून बसवला. ही दोन्ही चित्रे माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. ती शेजारी ठेवून पाहिली, तर वळण गुरूचे आणि अक्षर शिष्याचे, हे तत्काळ ध्यानात येते.

त्याच दरबारात एकोणतीस वर्षांचा वेलास्केस होता. रुबेन्सच्या सहवासानंतर, १६२९ मध्ये, तोही इटलीस गेला आणि त्याने तिंतोरेत्तोच्या चित्रांवरून नकला केल्या, असे चरित्रकार सांगतात. पुढे १८७९ मध्ये तेवीस वर्षांचा अमेरिकन चित्रकार सार्जंट प्रादोमध्ये त्याच वेलास्केसच्या चित्रांपुढे नकला करीत उभा राहिला. हा वसा असा हातोहात पुढे गेला.

टिशियनवरून केलेल्या त्या नकला रुबेन्सने अखेरपर्यंत स्वतःपाशी ठेवल्या. १६४० मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या चीजवस्तूंतून त्यांपैकी काही चौथ्या फिलिपने विकत घेतल्या. मूळ चित्रे ज्याच्या भिंतीवर होती, त्याच राजाने नकलांसाठी पैसे मोजले. कित्त्याचे मोल याहून अधिक काय सांगावे?