जपानची वाट ओकायामावरून

सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान पुणेकरांच्या चांगल्याच परिचयाचे आहे. सुमारे दहा एकरांवरील हे उद्यान २००६ मध्ये खुले झाले. पुणे-ओकायामा मैत्री उद्यान या नावानेही ते ओळखले जाते, कारण त्याची रचना जपानमधील ओकायामा शहरातील कोराकुएन या उद्यानाच्या धर्तीवर करण्यात आली आहे. 'पूर्वरंग'मध्ये जपानचे दर्शन घडविणाऱ्या पु. लं.चे नाव त्याला लाभले, हेही औचित्यपूर्णच.

पुण्याचे जपानशी नाते उद्यानापुरते मर्यादित नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी भाषेचे अध्यापन चालते, तर जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेचे पुणे हे देशातील एक महत्त्वाचे केंद्र आहे. तरीही जपान सहलीचा रूढ मार्ग टोकियो, क्योटो आणि ओसाका या तीन शहरांपाशीच संपतो. पुण्याचे मित्रशहर तेथून रेल्वेने अवघ्या पाऊण तासावर असूनही पाहायचे राहून जाते.

लोहमार्गाचा कणा

शहरांची ही साखळी शिनकानसेन या वेगवान रेल्वेने जोडलेली आहे. टोकियो-ओसाका हा ५१५ किलोमीटरचा मार्ग १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाला आणि १९७२ मध्ये तो ओकायामापर्यंत पोहोचला. 'नोझोमी' ही सर्वांत जलद गाडी टोकियोहून ओकायामाला साधारण सव्वातीन तासांत नेते. परदेशी पर्यटकांसाठीच्या सात दिवसांच्या रेल्वे पासची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली. त्यामुळे टोकियोला उतरून एकाच दिशेने हिरोशिमापर्यंत जाणाऱ्यास सुटी तिकिटे काढणेच किफायतशीर ठरते.

टोकियो : गणपतीला मुळ्याचा नैवेद्य

टोकियोच्या असाकुसा भागातील सेन्सोजी मंदिर पर्यटकांनी गजबजलेले असते. त्याच्या जवळच, सुमिदा नदीच्या काठी मात्सुचियामा शोदेन हे मंदिर आहे. येथील देवता कांगितेन, म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोहोचलेला गणपती. येथे भाविक पांढरा मुळा अर्पण करतात. कांगितेनची मूर्ती सहसा दर्शनासाठी खुली नसते. सरस्वतीही येथे बेन्झाइतेन या नावाने पुजली जाते आणि तिची मंदिरे बहुधा पाण्याकाठी असतात.

सुशीचे आज जगभर परिचित असलेले रूप, म्हणजे हाताने वळलेल्या भातावर माशाचा काप, याच शहरात एकोणिसाव्या शतकात रुळले. तेव्हा शहराचे नाव एदो होते. शिंजुकूमधील नाकामुराया या दुकानाने १९२७ मध्ये भारतीय पद्धतीची करी विक्रीस आणली. ती शिकविणारे होते क्रांतिकारक रासबिहारी बोस.

क्योटो आणि नारा : मोदकाचा दूरचा भाऊ

इ. स. ७९४ पासून हजार वर्षांहून अधिक काळ क्योटो ही राजधानी होती. चहाविधी, पुष्परचना आणि ऋतुमानानुसार बदलणारी मिठाई या कला येथेच बहरल्या. गिओन भागातील कामेया कियोनागा या १६१७ पासूनच्या दुकानात 'कांगिदान' नावाचे पक्वान्न मिळते. गोड पुरण भरून, वर पुरचुंडीसारखे बांधून तिळाच्या तेलात तळलेले हे पक्वान्न कांगितेनला वाहिले जाते. तळणीच्या मोदकाशी त्याचे नाते पुणेकरांना वेगळे सांगावे लागत नाही.

जवळच्या नारा येथील तोदाइजी मंदिरात सुमारे पंधरा मीटर उंचीची बुद्धमूर्ती आहे. इ. स. ७५२ मध्ये तिचा नेत्रोन्मीलन विधी बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाला होता.

ओसाका आणि कोयासान

व्यापारी शहर ओसाका 'देशाचे स्वयंपाकघर' म्हणून ओळखले जाई. ऑक्टोपसचे तुकडे घातलेली ताकोयाकी आणि कोबीचे जाड धिरडे म्हणता येईल अशी ओकोनोमियाकी हे येथील रस्त्यावरचे पदार्थ.

ओसाकाहून रेल्वेने कोयासान या पर्वतावरील बौद्ध पीठाला जाता येते. नवव्या शतकाच्या प्रारंभी कूकाई या आचार्यांनी ते स्थापन केले. ते ज्या वाकायामा प्रांतात आहे, त्याच्याशी महाराष्ट्राने २०१३ मध्ये सहकार्य करार केला. कोयासान विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरणही झाले. येथील मठांत मुक्काम करता येतो आणि 'शोजिन र्‍योरी' हे संपूर्ण शाकाहारी भोजन मिळते. त्यात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चातुर्मास पाळणाऱ्या घरातील स्वयंपाकाची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

ओकायामा : मूळ उद्यान

कोराकुएनची उभारणी सरदार इकेदा त्सुनामासा यांनी १६८७ मध्ये सुरू केली व १७०० मध्ये ती पूर्ण झाली. १८८४ मध्ये ते जनतेसाठी खुले झाले. जपानच्या तीन श्रेष्ठ उद्यानांत त्याची गणना होते. सुमारे तेरा हेक्टरांच्या परिसरात हिरवळ, तळी आणि टेकड्यांबरोबरच भातखाचरे व चहाचा मळाही आहे. नदीपलीकडचा काळ्या रंगाचा किल्ला 'कावळ्याचा गड' म्हणून प्रसिद्ध आहे. आसमंतातील दृश्य बागेचाच भाग वाटावे अशी योजना करणे, हे जपानी उद्यानकलेचे एक तत्त्व. येथे हा किल्ला ते काम करतो.

ओकायामाची बाराझुशी म्हणजे भात, भाज्या व मासे एकत्र केलेली सुशी. राज्यकर्त्याने काटकसरीचा हुकूम काढला, तेव्हा लोकांनी मासे भातात दडवले, अशी तिची आख्यायिका आहे. मोमोतारो या लोककथेतील वीराने कुत्रा, माकड व तित्तिर यांना दिलेले किबी दांगो हे मऊ लाडूही येथलेच. जुलै-ऑगस्टमध्ये येथील पांढरे पीच बाजारात येतात. येथून पुढे सुमारे पाऊण तासावर हिरोशिमा आहे. ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्ब हल्ल्यातून उरलेला तेथील घुमट १९९६ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

शाकाहारींनी काय पाहावे?

जपानी पाककलेला २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत स्थान मिळाले. तिचा पाया 'दाशी' हे पातळ सार आहे आणि ते बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचे असते. म्हणून केवळ भाज्या दिसणारे सूप वा नूडल्स शाकाहारी असतीलच असे नाही. 'निकु तो साकाना वा ताबेमासेन' (मांस व मासे खात नाही) एवढे सांगून भागत नाही, दाशीबद्दल स्वतंत्रपणे विचारावे लागते. कोम्बू हे समुद्रशेवाळ किंवा शिताके अळंबी यांची दाशी शाकाहारींना चालते. काकडीची सुशी आणि आंबट उमेबोशी घातलेले भाताचे गोळे हे पर्याय बऱ्याच ठिकाणी मिळतात.

जेवणापूर्वी 'इतादाकिमास' म्हणण्याची प्रथा आहे. भातात काड्या उभ्या खोचू नयेत, तो अंत्यविधीचा संकेत मानला जातो. बक्षिसी देण्याची पद्धत नाही.

चेरीचा बहर साधारणपणे मार्चअखेर ते एप्रिलच्या प्रारंभी, तर पानगळीचे रंग नोव्हेंबरमध्ये दिसतात. एप्रिलअखेरच्या सलग सुट्यांत गाड्या व निवासस्थाने भरलेली असतात. जून-जुलैत बराच पाऊस पडतो. पुण्याहून जपानला थेट विमानसेवा नसल्याने मार्ग ठरवतानाच शेवटच्या शहराजवळच्या विमानतळावरून परतीचे तिकीट काढल्यास उलट प्रवासाचा वेळ वाचतो.