टूडी इको : हृदयातलं रक्त कसं वाहतं, हे मशीनला कसं कळतं?

जिना चढताना दम लागतो, छातीत धडधडतं म्हणून दवाखान्यात गेलं की चिठ्ठीवर 'टूडी इको' लिहून मिळतं. "ईसीजी तर काढलाय, मग हे कशाला?" असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. ईसीजीत हृदयातल्या विजेच्या लहरी कळतात. हृदयाचे कप्पे, झडपा आणि आतून वाहणारं रक्त इकोमध्ये दिसतं.

तपासणी कशी चालते?
ही हृदयाची सोनोग्राफीच. आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज छातीतून आत सोडतात आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार होतं. स्वीडनमधल्या लुंड गावी इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी 1953 मध्ये याची सुरुवात केली. धातूच्या कामातल्या भेगा शोधायचं यंत्र त्यांनी हृदयासाठी वापरून पाहिलं.

रक्ताचा वेग मोजायला डॉप्लरचा नियम लागतो. ख्रिश्चन डॉप्लर यांनी तो 1842 मध्ये मांडला. गाडी हॉर्न वाजवत जवळ येते तेव्हा आवाज चढा लागतो, पुढे निघून गेली की उतरतो. तसाच फरक धावत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या आवाजात पडतो. मशीन पडद्यावर जवळ येणारं रक्त लाल आणि दूर जाणारं निळं दाखवतं. हे रंग फक्त दिशेचे, चांगल्या-वाईट रक्ताचे नव्हेत.

झडप आकसली तर?
पाण्याच्या पाइपावर अंगठा दाबला की धार जोरात उडते. झडप अरुंद झाली की रक्ताचंही तसंच होतं. वेगाचा वर्ग करून 4 ने गुणलं की झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मिळतो. वेग सेकंदाला 4 मीटर असेल तर फरक 64. महाधमनीच्या झडपेत वेग इतका असेल तर आजार गंभीर धरतात. झडप नीट मिटत नसेल तर रक्त उलटं गळताना दिसतं.

लहान मुलांकडे लक्ष द्या
घसा सुजून ताप येतो, दोन-तीन आठवड्यांनी सांधे धरतात. हा रुमॅटिक ताप असू शकतो आणि त्यात झडप कायमची खराब होते. वेळेत निदान झालं तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देऊन पुढचं नुकसान टाळता येतं. पोर बरं दिसतंय म्हणून इंजेक्शन मधेच बंद करू नका. दूध पिताना घामाघूम होणारं, वजन न वाढणारं बाळही दाखवून घ्या. अंगणवाडी आणि शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाला सांगितलं तरी ते पुढे पाठवतात.

हे लक्षात ठेवा
- साध्या इकोला उपाशी राहावं लागत नाही, सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. साधारण अर्धा तास लागतो.
- हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला ब्लॉकेज यात थेट दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला तरी छातीत दुखत असेल तर अंगावर काढू नका.
- रिपोर्टमधला 'ईएफ' म्हणजे एका ठोक्याला डावा कप्पा किती टक्के रक्त बाहेर टाकतो तो आकडा. तो 100 कधीच नसतो. 60 आला म्हणून घाबरू नका, ते चांगलंच आहे.
- जुने रिपोर्ट टाकू नका. आजार वाढला की थांबला, हे जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवल्यावरच डॉक्टरांना कळतं.