डोंगरापलीकडचा आवाज : रिपीटरची कुळकथा

रिपीटर म्हणजे एकाच वेळी ऐकणारे आणि बोलणारे रेडिओ केंद्र. वॉकीटॉकीतून निघालेला क्षीण संदेश ते एका फ्रीक्वेन्सीवर पकडते आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर, अधिक ताकदीने व उंचावरून, पुन्हा सोडते. साध्या वॉकीटॉकीला हे जमत नाही. बोलण्यासाठी बटण दाबले की तिचे ऐकणे बंद होते. रिपीटरला मात्र बोलत असतानाही ऐकत राहावे लागते. ही अट इतकी अवघड आहे की या यंत्राचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

मुंबईच्या उपनगरांत रिपीटर का लागतो, हे नकाशाच सांगतो. बोरिवली आणि मुलुंड ही दोन ठिकाणे सरळ रेषेत जेमतेम १२ किलोमीटरवर आहेत, पण मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर उभा आहे: शंभरहून अधिक चौरस किलोमीटरचे जंगल, तुळशी आणि विहार तलाव, कान्हेरीची लेणी आणि साडेचारशे मीटरच्या वर गेलेले माथे. हौशी रेडिओचालक, ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात, ते १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या ज्या पट्ट्यात बोलतात तिथल्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. डोंगराच्या पाठीमागे त्यांचा अगदी थोडा अंश पोचतो. रस्त्यांना हा डोंगर ओलांडण्यासाठी आता गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली असे बोगदे खणावे लागत आहेत. लहरींना मात्र वरूनच वाट काढावी लागते. अंधेरी ते घाटकोपर अंतर त्याहून कमी, पण तिथेही असल्फ्याच्या टेकड्या आणि सिमेंटची दाट वस्ती आड येते. हातातल्या दोन वॉकीटॉकी जमिनीवरून अशा वस्तीत दोन-तीन किलोमीटरपलीकडे फारशा भरवशाच्या राहत नाहीत.

या यंत्राचे मूळ रेडिओत नाही, तारेत आहे. तार लांबत गेली की विजेचा प्रवाह क्षीण होतो. १८३०च्या दशकात जोसेफ हेन्री आणि इतरांनी यावर उपाय काढला. येणारा दुबळा प्रवाह एका विद्युतचुंबकाला चेतवतो, चुंबक एक कळ मिटवतो आणि त्या कळीतून नव्या बॅटरीचा ताजा प्रवाह पुढच्या तारेत जातो. हाच रिले. भारतात तारसेवा उभारणाऱ्या ओ’शॉनेसीच्या देखरेखीखाली १८५४ मध्ये कोलकाता, आग्रा आणि मुंबई तारेने जोडली गेली आणि पुढच्या वर्षी ही सेवा लोकांना खुली झाली. तेव्हा मधल्या तारघरांतली माणसेच संदेश घेऊन पुढे ठोकत असत. त्यांचे काम पुढे रिलेने घेतले. आजच्या रिपीटरमध्येही लहर आली हे ओळखून प्रक्षेपक चालू करणाऱ्या भागाला जुने चालक ‘कॅरियर ऑपरेटेड रिले’च म्हणतात, त्यात हलणारी कळ उरलेली नसली तरी.

टेलिफोनमुळे प्रश्न अवघड झाला. तारेत कळ मिटली की काम भागते; आवाज मात्र जसाच्या तसा मोठा करावा लागतो, आणि तोही दोन्ही दिशांनी. १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को ही टेलिफोनची तार सुरू झाली, ती मधल्या मुक्कामांवर बसवलेल्या निर्वात नळ्यांच्या रिपीटरमुळे. तिथे अभियंत्यांना एक गोष्ट पुरती कळली: मोठा केलेला आवाज परत आपल्याच कानात शिरला की यंत्र शिट्टी घालू लागते. जाणारा आणि येणारा आवाज वेगळा ठेवणे हे आवाज मोठा करण्यापेक्षा कठीण ठरले.

रेडिओत या अडचणीवरचा पहिला उपाय होता अंतर. त्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९२७ मध्ये इंग्लंडशी थेट बिनतारी संपर्क ठेवणारी बीम सेवा सुरू झाली, तेव्हा प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला उभारले आणि ग्रहण केंद्र दूर दौंडला. बोलणारे यंत्र ऐकणाऱ्या यंत्राला बधिर करणार नाही, एवढे अंतर मध्ये ठेवले गेले. ही युक्ती निर्दोष आहे, फक्त तिला दोन जागा आणि त्यांना जोडणारी तार लागते.

दुहेरी फिरता रेडिओ पोलिसांच्या गरजेतून वाढला. डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गाड्यांत रेडिओ बसवला, पण तो फक्त ऐकण्याचा होता. उत्तर द्यायचे तर शिपायाला टेलिफोन शोधावा लागे. १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉन गावात गाडीतूनही बोलता येऊ लागले. त्याच वर्षी एडविन आर्मस्ट्राँगला एफएमची पेटंटे मिळाली. एफएमचा एक गुण पुढे रिपीटरला फार उपयोगी पडला: एकाच फ्रीक्वेन्सीवर दोन लहरी आल्या तर ग्राहक जोरकस लहर धरतो आणि दुसरी जवळजवळ पुसून टाकतो. १९४० मध्ये डॅनियल नोबल यांनी कनेक्टिकटच्या राज्य पोलिसांसाठी दुहेरी एफएम व्यवस्था उभारली. महायुद्धात लष्कराने डोंगरमाथ्यांवर रेडिओ रिले मांडून आघाडी आणि मुख्यालय जोडले, आणि युद्धानंतर हेच तंत्र टॅक्सी, रुग्णवाहिका व वीज कंपन्यांकडे गेले. त्यांनी टाकून दिलेले संच स्वस्तात मिळू लागले, तसे अमेरिकन हॅमनी ते सुधारून डोंगरांवर चढवले. १९७२ मध्ये तिथल्या सरकारला हौशी रिपीटरसाठी स्वतंत्र नियम करावे लागले.

महाराष्ट्रात सामान्य माणसाच्या घरात रिपीटरचा लाभ पहिल्यांदा पोचला तो दूरदर्शनमुळे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, पण वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेले चित्र सह्याद्रीपलीकडे पुण्यात कसे दिसणार? म्हणून १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र आले. जागेची निवड अचूक होती. १६७० मध्ये गड घेतल्यावर मावळ्यांनी पागेची गवती घरे पेटवली आणि तो उजेड राजगडावरून शिवाजी महाराजांनी पाहिला, असे सभासद बखर सांगते. जिथून उजेड दिसतो तिथून या पट्ट्यातली लहरही जाते, त्यामुळे गडांच्या जागा निवडणाऱ्यांची नजर रेडिओच्या अभियंत्यालाही उपयोगी पडते.

उंचीचा हिशेब सोपा आहे. अँटेना जमिनीपासून जितके मीटर उंच, त्याच्या वर्गमुळाला ४.१ ने गुणले की रेडिओचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. हातातली वॉकीटॉकी दीड मीटरवर असते, तिचे क्षितिज ५ किलोमीटर. अंधेरीची गिल्बर्ट हिल सुमारे ६१ मीटर उंच; तिथून ते ३२ किलोमीटर भरते. पण काळ्या बेसॉल्टची ती शिळा जपण्याचा वारसा आहे, आणि राष्ट्रीय उद्यानातले माथे वनखात्याचे. शिवाय गेल्या काही दशकांत उपनगरांत वाढलेल्या इमारतींनी गिल्बर्ट हिललाही खुजे केले. पंचवीस मजली इमारतीची गच्ची साधारण ७५ मीटरवर असते आणि तिचे क्षितिज ३५ किलोमीटरच्या पुढे जाते. म्हणून उपनगरातल्या रिपीटरला साजेशी जागा आज डोंगरावर नाही, उंच इमारतीच्या लिफ्टच्या खोलीत आहे. अँटेना मात्र अशा गच्चीवर हवी जिथून डोंगराच्या दोन्ही बाजूंची वस्ती दिसते किंवा निदान डोंगराच्या दक्षिण टोकाला वळसा घालता येतो. पवई ते घाटकोपरचा पट्टा यासाठी बोरिवलीपेक्षा सरस आहे.

जागा मिळाली की कागद येतात. १८८५चा तार कायदा, १९३३चा बिनतारी कायदा आणि १९७८चे हौशी सेवेचे नियम या चौकटीत भारतातला हॅम रेडिओ वाढला. पहिल्या दोन कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३चा दूरसंचार कायदा आला. फ्रीक्वेन्सी वाटण्याचे काम केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी विभागाकडे १९५२ पासून आहे. अंधेरी, विलेपार्ले, कुर्ला, घाटकोपर हा भाग विमानतळाच्या छायेत येत असल्याने अँटेनाच्या खांबाची उंचीही मोजली जाते. इमारतीला मिळालेली उंचीची परवानगी खांबाला आपोआप लागू होत नाही. लहरींवर नजर ठेवणारे सरकारी केंद्रही उपनगरातच आहे, बोरिवली पश्चिमेला गोराई रस्त्यावर. आणि या सगळ्याच्या आधी सोसायटीच्या सभेत गच्चीचा ठराव मंजूर व्हावा लागतो. अनुभवी मंडळी तो पहिला कागद मानतात, ते बरोबरच आहे.

आता मूळ अडचणीकडे. १४४-१४६च्या पट्ट्यात रिपीटरचे ऐकणे आणि बोलणे यांत रूढीने ६०० किलोहर्ट्झचे अंतर असते: समजा १४५.००० वर ऐकणे आणि १४५.६०० वर बोलणे. हा फरक अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. प्रक्षेपक ५० वॅटने बोलतो, तर दूरच्या वॉकीटॉकीची लहर अँटेनाच्या टोकाशी ०.२ मायक्रोव्होल्ट इतकीच असू शकते. या दोन शक्तींचे गुणोत्तर ६० हजार लाख कोटींच्या घरात जाते, आणि दोन्ही एकाच अँटेनातून जा-ये करतात. त्यांना वेगळे ठेवतो तो डुप्लेक्सर: धातूची उभी पोकळ नळकांडी, बहुधा चार किंवा सहा, प्रत्येकाच्या आत पाव तरंगलांबीचा, म्हणजे अर्ध्या मीटरचा दांडा. प्रत्येक नळकांडे एक फ्रीक्वेन्सी सोडते आणि दुसरी अडवते. दांड्याची लांबी किंचित बदलली तरी सूर बिघडतो, म्हणून सूर लावण्याचा दांडा उष्णतेने फारसा न वाढणाऱ्या इन्व्हार धातूचा करतात. मे महिन्यात लिफ्टच्या खोलीत जो उकाडा असतो, तो पाहता हा खर्च चैनीचा नाही. खडकी आणि दौंड यांच्यातले अंतर अभियंत्यांनी या नळकांड्यांत कोंडले. या कुळकथेतला सर्वांत मोठा पल्ला हाच.

बाकीची मांडणी काळजीची आहे, नवलाची नाही. केबल स्वस्तातली घेतली तर सगळी उंची वाया जाते: बारीक आरजी-५८ केबलच्या ३० मीटरमध्ये या पट्ट्यातली सुमारे तीन-चतुर्थांश शक्ती उष्णता होऊन जाते. त्यामुळे अर्ध्या इंची जाड केबल लागते. खांबाला आणि केबलच्या आवरणाला अर्थिंग, केबल खोलीत शिरते तिथे वीजरोधक, सांध्यांवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप आणि त्यावर आणखी एक थर. मालाड-बोरिवलीकडच्या खाऱ्या वाऱ्यात गंजलेला बोल्टही त्रास देतो. गंजाचा सांधा डायोडसारखा वागतो आणि त्याच गच्चीवरच्या दोन प्रक्षेपकांच्या लहरी मिसळून तिसरीच, नको असलेली लहर तयार करतो. ती नेमकी रिपीटरच्या ऐकण्याच्या फ्रीक्वेन्सीवर पडली तर दोष शोधायला महिने लागतात. स्टेनलेस स्टीलचे बोल्ट त्यापुढे स्वस्त पडतात.

चालवताना रिपीटरला तीन सवयी लावलेल्या असतात. पहिली, टोन. बोलणाऱ्याच्या आवाजाखाली ६७ ते २५४ हर्ट्झमधला ठरलेला मंद सूर असेल तरच तो जागा होतो. शहरातल्या विद्युत गोंगाटाने उगाच चालू होत नाही. दुसरी, वेळमर्यादा. कोणाचे बटण अडकून राहिले, तर काही मिनिटांनी तो प्रक्षेपण थांबवतो. तिसरी, मोर्समध्ये आपले संकेतनाम सांगणे. भारतात ते बहुतेक ‘व्हीयू’ने सुरू होते. अलीकडे डीएमआरसारख्या डिजिटल पद्धतीत एकाच फ्रीक्वेन्सीचे वेळेत दोन भाग पाडून दोन संभाषणे चालवता येतात, तर इंटरनेटने जोडलेल्या रिपीटरमधून मुलुंडचा माणूस परदेशातल्या गावाशी बोलतो. भारताने तर रिपीटर अवकाशातही नेला: ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ वरून गेलेला हॅमसॅट हा उपग्रह ४३५ मेगाहर्ट्झवर ऐकून १४५ मेगाहर्ट्झवर बोलत असे. २०१४ पर्यंत तो चालला.

हॅमसॅट अवकाशात गेल्यानंतर तीनच महिन्यांच्या आत, २६ जुलै २००५ला, सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वीज गेली, मोबाइल बंद पडले, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि हॅम मंडळींनी संदेश पोचवले. अशा दिवसासाठीच रिपीटरची बॅटरी मोजून ठेवतात. ५० वॅटने बोलणारा संच १२ व्होल्टच्या बॅटरीतून साधारण १० अँपिअर ओढतो, नुसते ऐकताना एकाच्या आत. १०० अँपिअर-तासांची बॅटरी सततच्या बोलण्याने दहा तासही टिकत नाही. म्हणून वीज गेल्यावर शक्ती १२ वॅटवर आणतात: ऐकणाऱ्याला आवाजात फरक क्वचितच कळतो, बॅटरी मात्र कितीतरी अधिक चालते. अशा वेळी एक चालक नियंत्रक होतो आणि बाकीचे त्याने नाव घेतल्यावरच बोलतात. दर वेळी बटण दाबण्याआधी एक-दोन सेकंद रिकामी सोडायची असतात, कारण तातडीचा निरोप असलेला माणूस त्याच फटीत शिरतो.