औषधाला औषधाची सोबत

वैद्याची पुडी सोडून पाहिली, तर तींत सुंठ, मिरें व पिंपळी हीं बहुधा सांपडावयाचींच. त्रिकटु या नांवानें तीं कितीएक योगांत घातलेलीं आहेत. ज्या रोगाशीं त्यांचा उघड संबंध दिसत नाहीं, त्यावरील योगांतहि. नव्या रसायनशास्त्राच्या दृष्टीला हा नुसता भरणा वाटावा, यांत नवल नव्हतें.

त्या शास्त्राचा ओढाच निराळा होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मन औषधविक्रेता सेर्ट्युर्नर यानें अफूंतून मॉर्फिन वेगळें काढलें. 1819 मध्यें डॅनिश शास्त्रज्ञ एर्स्टेड यानें मिऱ्यांतून पायपरीन काढलें. (विजेच्या प्रवाहाजवळ चुंबकसूची हलते, हें दुसऱ्याच वर्षीं दाखविणारा एर्स्टेड तो हाच.) वनस्पतींतील सत्त्व शोधावें, तोलून द्यावें आणि चोथा टाकावा, ही रीत रूढ झाली. क्विनाईन तिच्यामुळेंच शुद्ध स्वरूपांत हातीं आलें. तेव्हां तिला नांवें ठेवणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु एखाद्या द्रव्याचें काम दुसऱ्याला पोंचविणें एवढेंच असेल, तर तें एकटें तपासून काय कळणार?

जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेंत डॉ. सी. के. अटल व त्यांचे सहकारी यांनीं म्हणूनच प्रश्न फिरवून विचारला: त्रिकटु सोबतच्या औषधाचें काय करतें? अडुळसा आणि पिंपळी ही खोकल्यावरील जोडी घरोघरच्या आजीबाईंना ठाऊक असलेली. अडुळशांतील व्हॅसिसीन पिंपळीबरोबर उंदरांना दिलें असतां त्याचें रक्तांतील प्रमाण सुमारें 233 टक्क्यांनीं वाढलें, असें त्यांनीं 1981 मध्यें प्रसिद्ध केलें.

पुढें 1998 मध्यें बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयांत हळदींतील कर्क्युमिनाची परीक्षा झाली. निरोगी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिन एकटें दिलें, तेव्हां तें रक्तांत जवळजवळ दिसेनाच. सोबत 20 मिलिग्रॅम पायपरीन देतांच शरीराला मिळणारा त्याचा अंश 2000 टक्क्यांनीं वाढला. यकृत व आंतडें परक्या द्रव्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून तें बाहेर घालवितात. ही जोडणी पायपरीन मंदावतें. म्हणजे हाकलणाऱ्याचाच हात तें धरून ठेवतें. अर्थात् रक्तांत पोंचलेल्या कर्क्युमिनानें रोग बरा होतो, हें एवढ्यानें सिद्ध होत नाहीं. आणि प्रत्येक जुन्या योगांत असेंच कांहीं दडलें आहे असें मानणें, हा तर भाबडेपणाच.

शिवाय पायपरीन आपलें-परकें ओळखीत नाहीं. रक्तदाबावरील प्रोप्रॅनोलॉल व दम्यावरील थिओफिलीन यांचेंहि रक्तांतील प्रमाण तें वाढवितें, असें 1991 मध्यें प्रसिद्ध झालेल्या चांचणींत आढळलें. थिओफिलीनची हितकर मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फारच थोडें. अशा औषधाबरोबर पायपरीनच्या गोळ्या वैद्याला वा डॉक्टरला न विचारतां घेणें जिवावर बेतूं शकेल. चरकसंहितेच्या विमानस्थानांत अतिप्रमाणांत सेवन करूं नयेत अशीं तीन द्रव्यें सांगितलीं आहेत: क्षार, लवण आणि पिंपळी.