नाताळच्या बिस्किटावरचा रंग

नाताळात इंग्लंड-अमेरिकेत घरोघर गोड बिस्किटे भाजून त्यांवर पिठीसाखरेचा लाल-हिरवा लेप देतात. आम्हां कामगार चळवळीतल्यांना त्या लेपामागचे हात दिसतात. इंग्लंडात साखर स्वस्त झाली ती वेस्ट इंडीजच्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांच्या घामावर. त्यांच्या मुक्तीचा कायदा १८३३ साली झाला. रंगाचीही कथा तशीच. डॉ. आर्थर हॅसल यांनी १८५० नंतर लंडनची रंगीत मिठाई तपासली, तेव्हा तिच्यात शिसे, पारा, तांबे यांचे विषारी रंग सापडले. भेसळीविरुद्ध १८६० साली झालेला कायदा दुबळा ठरला. १८७५ साली कडक कायदा करावा लागला. श्रोतेहो, मुलाच्या हातचा खाऊ निर्धोक झाला तो व्यापाऱ्याच्या दयेने नव्हे, लोकांनी जागे राहून राबवलेल्या कायद्याने!