वीजघरांतून शर्यतीच्या मैदानावर

अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं, एडिसन विद्युत् कंपनीच्या वीजघरांत, १८९१ सालीं हेन्री फोर्ड नांवाचा तरुण इंजिनियर नोकरीस लागला. दोनच वर्षांत तो मुख्य इंजिनियर झाला. वाफेच्या यंत्रांची देखभाल करून उरलेल्या वेळांत तो घरामागील कोठारांत पेट्रोलची गाडी जुळवीत असे. जून १८९६ मध्यें ती तयार झाली, तों दार अरुंद निघालें. भिंतीच्या विटा फोडून ती बाहेर काढावी लागली!

पुढें कंपनीनें त्याला वरची जागा देऊं केली. मात्र पेट्रोलच्या यंत्राचा नाद सोडण्याची अट घातली, असें तो आत्मचरित्रांत सांगतो. घरीं पत्नी व पांच वर्षांचा मुलगा असतां, १८९९ सालीं त्यानें नोकरीच सोडली.

त्याची पहिली मोटारकंपनी १९०१ त बुडाली. आतां शब्दांवर कोण विश्वास ठेवणार? १० ऑक्टोबर १९०१ रोजीं ग्रॉस पॉइंट येथील दहा मैलांच्या शर्यतींत तो स्वतःच उतरला. प्रतिस्पर्धी अलेक्झांडर विंटन हा नामांकित मोटार-कारखानदार. प्रथम विंटन पुढें होता. पण त्याच्या गाडींतून धूर निघूं लागला आणि फोर्डनें बाजी मारली.

भांडवलवाले पुन्हां जवळ आले. मध्यंतरीं आणखी एक कंपनी त्याला सोडावी लागली. तरी १९०३ त फोर्ड मोटर कंपनी उभी राहिली. जानेवारी १९०४ मध्यें गोठलेल्या सेंट क्लेअर सरोवरावर त्यानें ताशीं ९१ मैलांहून अधिक वेग गांठला.

वीजघरानें त्याला विद्या दिली. शर्यतीनें त्या विद्येला लोकांची साक्ष मिळवून दिली.