अमेरिकन फुटबॉलमधील पंचसंकेत व दंडनियम

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात हातांच्या ठरावीक खुणा, झेंडा व शिट्टी यांच्या साहाय्याने पंच आपला निर्णय जाहीर करतात, ती पद्धत. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये मैदानावर सात पंच असतात. रेफरी हा मुख्य पंच; त्याची टोपी पांढरी, इतरांची काळी. नियमभंग कोणाही पंचाच्या नजरेस आला, तरी दंड जाहीर करतो तो रेफरीच.

नियमभंग दिसताच पंच पिवळा झेंडा मैदानात टाकतो. खेळ मात्र बहुतेक वेळा चालूच राहतो, आणि या पद्धतीचे मर्म त्यातच आहे. बचाव करणारा खेळाडू ऑफसाइड (चेंडू खेळात येताना त्याच्या रेषेपलीकडे) असताना क्वार्टरबॅकने लांब पास देऊन ४० यार्ड मिळवले, तर त्याचा संघ ५ यार्डांचा दंड नाकारून ती कमाई राखू शकतो. लगेच शिट्टी वाजली असती, तर चुकणाऱ्याचाच फायदा झाला असता. फॉल्स स्टार्टला ही मुभा नाही. चेंडू खेळात येण्याआधी आक्रमक खेळाडू दचकून हलला, की खेळ तिथेच थांबतो.

झेंड्याची कल्पना यंग्सटाउन कॉलेजचे प्रशिक्षक ड्वाइट बीडी यांची. त्याआधी पंच भोंगा किंवा शिट्टी वाजवत. १९४१ मध्ये बीडी यांच्या पत्नीने शिवलेले झेंडे प्रथम वापरले गेले. एनएफएलने ते १९४८ मध्ये स्वीकारले; पिवळा रंग १९६५ पासूनचा.

दोन्ही हात सरळ वर म्हणजे टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलपट्ट्यात नेणे) किंवा फील्ड गोल (चेंडू लाथेने गोलखांबांमधून मारणे). क्रिकेटच्या प्रेक्षकाला तो षटकारच वाटेल. डोक्यावर तळवे जुळवले, तर सेफ्टी, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाला दोन गुण. उत्तम खुणा त्या नियमभंगाचेच चित्र काढतात. होल्डिंगसाठी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवण्यासाठी, रेफरी एका हाताची मूठ वळून तिचे मनगट दुसऱ्या हाताने धरतो. पास इंटरफिअरन्ससाठी, म्हणजे पासमध्ये अडथळा आणल्याबद्दल, उघडे तळवे पुढे ढकलतो. फॉल्स स्टार्टसाठी छातीपुढे हात एकमेकांभोवती फिरवले जातात, ती खूण मात्र पाठच करावी लागते. १९७५ पासून एनएफएलच्या रेफरीकडे बिनतारी मायक्रोफोन आहे, तरी खुणा टिकल्या.

दंड साधारणपणे ५, १० किंवा १५ यार्डांचा. आक्रमक संघाच्या होल्डिंगला १० यार्ड, तर एनएफएलमध्ये बचावाच्या होल्डिंगला ५ यार्ड आणि शिवाय आपोआप फर्स्ट डाउन (आक्रमणाच्या प्रयत्नांची नव्याने मोजणी). एनएफएलमध्ये बचावाने पासमध्ये अडथळा आणला, तर चेंडू थेट नियमभंगाच्या जागी ठेवतात. महाविद्यालयीन सामन्यांत हा दंड १५ यार्डांपुढे जात नाही. एका झेंड्याने मैदानाचा मोठा पट्टा हातचा जाऊ शकतो, इतका एनएफएलचा नियम कडक आहे.

संकेतांत एकवाक्यता नसेल तर काय होते, हे २४ सप्टेंबर २०१२ रोजी सिॲटलमध्ये दिसले. नियमित पंच संपामुळे नव्हे, तर लीगने टाळेबंदी केल्याने बाहेर होते. सिॲटल–ग्रीन बे सामन्याच्या शेवटच्या चेंडूवर शेजारी उभ्या असलेल्या दोन बदली पंचांपैकी एकाने टचडाउन दाखवला, दुसऱ्याने घड्याळ थांबवण्याची खूण केली. टचडाउन कायम राहून सिॲटल १४–१२ ने जिंकले, आणि त्याच आठवड्यात नियमित पंच परतले.

जानेवारी २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्स–लॉस एंजेलिस रॅम्स सामन्यात उघड दिसणाऱ्या पास इंटरफिअरन्सवर झेंडा पडला नाही. त्यामुळे अशा निर्णयांचे व्हिडिओ पुनरावलोकन करण्याची सोय झाली. ती २०१९ च्या एकाच हंगामापुरती टिकली.